दाब ८,१९२, रेघ शून्य

उपनगरातला हौशी चित्रकार ओळखायचा असेल तर त्याच्या घरातल्या भिंती बघू नका, उजवा हात बघा. त्या हातात दोनच बोटांचा काळा हातमोजा असतो. करंगळी आणि अनामिका झाकलेली, बाकीची तीन बोटं उघडी. काचेवर तळहात टेकला की नको तिथे रेघ उमटते, ती उमटू नये म्हणून ही योजना. मे महिन्यात, बोरिवलीत, पंखा पाचवर फिरत असताना एखादा मध्यमवयीन गृहस्थ घरातल्या घरात हातमोजा चढवून बसलेला दिसला तर घाबरू नये. कला जवळपासच आहे. आलेली नाही, पण तिच्या स्वागताची तयारी झालेली आहे.

तयारी हा आमचा खरा प्रांत. लग्नाची तयारी, परीक्षेची तयारी, युरोप टूरची तयारी आणि आता चित्रकलेची. आधी आयपॅड घ्यायचा, कारण कागद जुना झाला. मग कळतं की काचेवरून पेन घसरतं, म्हणून कागदासारखा खरखरीत स्क्रीनगार्ड चिकटवायचा. त्या खरखरीनं पेनाचं टोक झिजतं, म्हणून जादा टोकांचं पाकीट मागवायचं. मग मान धरते, म्हणून तिरका स्टँड. एवढा सगळा खर्च कशासाठी? तर कागदावर चित्र काढल्यासारखं वाटावं म्हणून. स्टेशनबाहेरच्या स्टेशनरीच्या दुकानात ड्रॉइंगची वही अजून मिळते हो, पण तिचं अनबॉक्सिंग करता येत नाही, ही तिची अडचण.

त्यानंतर ब्रश. डिजिटल ब्रश ही वस्तू धुवावी लागत नाही, वाळवावी लागत नाही, तिचे केस गळत नाहीत, त्यामुळे ती गोळा करण्याला काही मर्यादाच नाही. पेन्सिलीच्याच कितीतरी जाती: टोकदार, बोथट, तिरकी, तेलकट आणि चक्क ओली. सगळे ब्रश निदान एकदा ओढून बघावेत म्हणून एक कोरं पान उघडायचं, त्यावर नागमोडी रेघा मारायच्या आणि त्या पानाला ‘टेस्ट’ असं नाव द्यायचं. उपनगरातल्या बहुतेक आयपॅडांत पूर्णत्वाला गेलेली कलाकृती हीच.

डिजिटल पेनाच्या खोक्यावर पुष्कळदा एक आकडा ठळक छापलेला असतो, ८,१९२. म्हणजे हाताचा दाब हे पेन इतक्या पातळ्यांमध्ये ओळखतं. हलका हात, किंचित हलका हात, किंचितपेक्षा थोडा जड हात, असं करत करत ८,१९२. आमच्या कलावंताला यातल्या दोनच पातळ्या लागतात: रेघ उमटली आणि रेघ उमटली नाही. उरलेल्या ८,१९० पातळ्यांचे पैसे त्यानं भरलेले असतात आणि त्या तशाच कोऱ्या पडून राहतात. दाबाच्या इतक्या छटा अंगावर खऱ्या अर्थानं वापरून बघायच्या असतील तर सकाळची विरार फास्ट आहे. तिला चार्जिंगही लागत नाही.

ज्यांचं बजेट आयपॅडपर्यंत पोचत नाही, त्यांच्यासाठी पडदा नसलेली काळी पाटी. ही लॅपटॉपला जोडायची. वॅकॉम ही जपानी कंपनी १९८३ पासून हा धंदा करते आणि तिच्या पाटीची करामत थक्क करणारी आहे. पाटीच्या पोटात तारांचं जाळं असतं, त्यातून चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि पेनाला लागणारी वीज त्यातूनच मिळते. पेनात बॅटरीच नाही. आता पुष्कळ कंपन्या अशा पाट्या करतात आणि त्या बऱ्याच स्वस्तही मिळतात.

महागात पडते ती पहिली संध्याकाळ. हात टेबलावर, रेघ समोर पडद्यावर. जन्मभर जिथे हात तिथे नजर अशी सवय. ती आता मोडायची. कलावंत गोल काढायला घेतो. गोल मुलुंडला सुरू होतो आणि भांडुपला संपतो, मधलं नाहूर गायब. पुन्हा काढतो, तर गोलाचं अंडं झालेलं. तो स्वतःच्या हाताला दोष देतो. इतक्या वर्षांत सराव गेला, वय झालं, डोळेही तपासून घ्यायला हवेत. प्रत्यक्षात पाटीची लांबी-रुंदी आणि पडद्याची लांबी-रुंदी यांचं प्रमाण जुळलेलं नसतं. सेटिंगच्या कुठल्याशा खणात एका चौकोनावर बरोबरची खूण केली की गोल गोल येतो. ती खूण सापडेपर्यंत जेवण गार झालेलं असतं. मग दाब लागत नाही, कारण जुन्या पाटीचा ड्रायव्हर लॅपटॉपमध्ये तसाच राहिलाय आणि दोन ड्रायव्हरांत भांडण आहे. जुना काढायचा, नवा टाकायचा, लॅपटॉप बंद करून चालू करायचा. रात्री अकरा वाजता दाब लागतो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात कलावंत सांगतो, ‘काल रात्री उशिरापर्यंत ड्रॉइंग करत होतो.’ खोटं नाही. त्या घरात काल दुसरं काहीच झालं नाही.

यंत्रणा एकदा लागली की तिचे लाड सुरू होतात. रेघ थरथरते? स्टॅबिलायझर वाढवा. हा प्रकार हाताच्या किंचित मागून चालतो आणि मधली थरथर गाळून गुळगुळीत रेघ पुढे करतो. पुरेसा वाढवला तर धक्के खाणाऱ्या रिक्षात बसूनसुद्धा सुबक वळण काढता येतं. फक्त ते वळण कोणाचं, हे विचारायचं नाही. रेघ चुकली? दोन बोटांनी काचेवर टिचकी मारा, गेली. पुन्हा काढा, पुन्हा टिचकी. कागदावर चुकलेल्या रेघेशी तडजोड करावी लागते. नाकाची रेघ लांबली तर माणूस नाकाळ होतो, आणि पुष्कळदा तो नाकाळ माणूसच मूळ माणसापेक्षा जमून जातो. काचेवर तसं काही घडत नाही. तिथे नाक बरोबर येईपर्यंत रात्र होते आणि चेहऱ्यावर तेवढं एक नाकच असतं.

शिवाय लेअर. एका थरावर चेहरा, दुसऱ्यावर केस, तिसऱ्यावर सावली, चौथ्यावर पार्श्वभूमी. कागदावर काय कुठे आहे हे दिसतं. इथे ते लक्षात ठेवावं लागतं. तासभर खपून डोळा काढला, छान झाला, चमकसुद्धा आली. मग केस आवडले नाहीत म्हणून केसांचा थर उडवला. डोळा चुकून त्याच थरावर काढलेला होता. मागच्या खोलीतून मुलगी येते, बघते आणि म्हणते, ‘बाबा, हा आंधळा आहे का?’ बाबा म्हणतात, ‘नाही गं, प्रोसेसमध्ये आहे.’

प्रोक्रिएट नावाच्या लोकप्रिय अॅपमध्ये आणखी एक बिलंदर सोय आहे. प्रत्येक चित्राच्या माहितीच्या पानावर, त्यात एकूण किती रेघा मारल्या आणि प्रत्यक्ष किती वेळ काम झालं, याची नोंद असते. ‘तीन तास चित्रावरच बसलो होतो’ असं घरी सांगणाऱ्यानं ते पान बायकोसमोर उघडू नये.

इथवर वाचून कुणी म्हणेल, म्हणजे तुमचा रोख यंत्रावर आहे. अजिबात नाही. साधनाला शिव्या घालून कागद-पेन्सिलीची आरती ओवाळणं हाही आळशी माणसाचाच उद्योग आहे. आमच्या वन बीएचकेमध्ये ईझल मांडायचं ठरवलं तर सोफा बाल्कनीत जाईल, आणि बाल्कनी आधीच खोलीत घेतलेली आहे. तैलरंग लावले तर वाळेपर्यंत कॅनव्हास ठेवायचा कुठे? टर्पेंटाइनचा वास शेजारच्यांच्या घरात गेला की सोसायटीच्या ग्रुपवर गॅसगळतीची चर्चा. जुलै-ऑगस्टमध्ये जलरंगाचा कागद दमट होतो, रंग वाळता वाळत नाही, आणि कपाटात ठेवलेल्या जुन्या चित्रांवर बुरशी आपली स्वतंत्र नक्षी काढते. या शहरात चित्रकलेला परवडणारी जागा आयपॅडएवढीच आहे. तेव्हा डिजिटल ही चैन म्हणणाऱ्यानं आधी आपला कार्पेट एरिया सांगावा.

आणि यंत्राला बिचकण्याची उपनगराची परंपराही नाही. राजा रवि वर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापाचा छापखाना काढला. मळवलीला हलण्याआधी काही काळ तो आपल्या घाटकोपरला होता. यंत्रं जर्मन, कारागीर जर्मन. रंगीत चित्र छापायचं तर रंगागणिक वेगळा दगड. एका दगडावर फक्त पिवळं, दुसऱ्यावर फक्त लाल, तिसऱ्यावर निळं, आणि सगळे ठसे एकमेकांवर नेमके बसले तरच लक्ष्मीच्या चेहऱ्यावर लक्ष्मी दिसायची. लेअर लेअर म्हणून आज ज्याचे क्लास निघतात, ते घाटकोपरात सव्वाशे वर्षांपूर्वी दगडात होतं. त्यात टिचकी मारून मागे जायची सोय नव्हती. नाक मुरडणाऱ्यांनी तेव्हाही नाक मुरडलं, कॅलेंडरछाप म्हणून हिणवलं, आणि तरी त्या छापाच्या देवांनी घराघरांतली भिंत पकडली ती आजतागायत.

परदेशातलंच उदाहरण हवं असेल, म्हणजे ज्यांना पटायला ते लागतंच, तर डेव्हिड हॉकनी. इंग्लंडमधला जगप्रसिद्ध चित्रकार. सत्तरी ओलांडल्यावर त्यानं आयफोन हातात घेतला आणि अंगठ्यानं फुलं, खिडकी, सूर्योदय काढून मित्रांना पाठवायला सुरुवात केली. नंतर आयपॅडवर अख्खा वसंत ऋतू रंगवला. २००९ सालच्या त्या फोनला ना ८,१९२ पातळ्या होत्या, ना पेन होतं, ना हातमोजा. अंगठा होता. तो आपल्याकडेही आहे, पण आपण तो ‘गुड मॉर्निंग’ पुढे ढकलण्यासाठी राखून ठेवलाय.

पैशाची सबब म्हणाल तर क्रितासारखं उत्तम सॉफ्टवेअर चकटफू मिळतं. वेळेची सबब म्हणाल तर वसंत सरवटे आठवावेत. सिमेंट कंपनीत अभियंता म्हणून नोकरी केली, आणि त्याच हातानं मराठी पुस्तकांची मुखपृष्ठं, व्यंगचित्रं आणि ‘ललित’मधला तो हातोडेवाला ठणठणपाळ काढला. हापिसातून येऊन ‘आज मूड नाही’ म्हणायचा अधिकार त्यांनाही होताच. आमच्याकडे तर मेट्रोसुद्धा आहे, जून २०१४ पासून. वर्सोवा ते घाटकोपर बारा स्टेशनं, साधारण वीसेक मिनिटं. समोरच्या बाकावर कुणीतरी तोंड उघडं टाकून झोपलेलं असतंच. इतकं निश्चल, फुकट आणि मानधन न मागणारं मॉडेल जे. जे.मध्येसुद्धा मिळायचं नाही. वर्सोव्याला कपाळ सुरू केलं तर घाटकोपर येईपर्यंत हनुवटी होते. पण आमचा कलावंत त्या वीस मिनिटांत ‘मोटिव्हेशन कसं टिकवावं’ हा व्हिडिओ बघत असतो. वीस मिनिटांचाच.

तर मग अडतं कुठे? साधनात नाही, पैशात नाही, वेळेत तर नाहीच नाही. अडतं ते दहावीत.

कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन परीक्षा महाराष्ट्रातल्या असंख्य पोरांनी दिलेल्या आहेत. वस्तुचित्राला एक घागर, एक वाटी, एक कांदा आणि मागे चुण्या पडलेलं कापड. स्मरणचित्राला जत्रा, फुगेवाला किंवा पावसातला रस्ता. त्यात माणसं कमी वाटली तर छत्र्या वाढवायच्या, म्हणजे चेहरे काढावे लागत नाहीत. संकल्पचित्राला चौकोनात पानाफुलांची नक्षी. शेवटी कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन. हात खरोखर तयार होतो या परीक्षांत. ज्या पोरानं एकदा घागरीचा काठ लंबवर्तुळात बसवला, त्याची नजर जन्मभर थोडी निराळी राहते. पण निकाल लागतो, प्रमाणपत्र येतं, आई ते प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये जन्मदाखल्याच्या मागे ठेवते आणि म्हणते, ‘झालं ना आता? अभ्यासाला लाग.’ अलीकडे तर इंटरमिजिएटच्या ग्रेडवर दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळे ज्या पोरांनी पूर्वी उगाच चित्रं काढली असती ती आता कारणासाठी काढतात. गुण मिळाले की कारण संपलं. घागर, वाटी, कांदा सगळं स्वयंपाकघरात परत.

म्हणजे चित्र हे कुणीतरी तपासायला काढायचं असतं, हे आमच्या हाडात तेव्हाच मुरलेलं. पुढे तपासणारा गेला, आणि त्याच्या मागोमाग हातही गेला. हल्ली त्याला ‘मोटिव्हेशनचा प्रॉब्लेम’ म्हणतात. खरं तर परीक्षक निवृत्त झालाय, एवढंच झालंय.

रंग ही पोरासोरांची गोष्ट, हेही तेव्हाच ठरून गेलं. अंधेरीत मुख्यालय असलेल्या कॅम्लिनचंच बघा. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये शाईपासून सुरू केलेला हा उद्योग सुभाष दांडेकरांनी रंगांत आणि चित्रसाहित्यात नेला, घराघरांत उंटाचं चित्र पोचवलं. २०११ मध्ये त्यातला मोठा वाटा जपानच्या कोकुयोकडे गेला. २०२४च्या जुलैमध्ये सुभाष दांडेकर गेले तेव्हा आमच्या ग्रुपांवर कंपासपेटीच्या आठवणींचा पूर आला. आमचं बालपण रंगीत केलंत, वगैरे. सगळं मनापासून. फक्त लिहिणाऱ्यांपैकी एकाच्याही घरात त्या दिवशी ओला ब्रश नव्हता. बालपण रंगीत झालं, आभार. पुढचं आम्ही काळ्या-पांढऱ्यात भागवतो.

मग चाळिशीत कधीतरी हुक्की येते, आयपॅड येतो, आणि त्याच्याबरोबर नवा परीक्षक येतो. त्याचं नाव लाइक. हा पेपर रोज घेतो आणि निकाल मिनिटामिनिटाला लावतो. कलावंत चित्र टाकतो, फोन पालथा ठेवतो, चहा घेतो, फोन सुलटा करतो. मामेबहिणीचा एक अंगठा. ‘चित्र आवडलं’ म्हणणारा वर्गमित्र विमा विकतो. पुतण्यानं हृदय दिलंय, पण ते त्यानं आत्याच्या अळुवड्यांच्या फोटोलाही दिलंय. एवढ्या निकालावर कोण पुढच्या इयत्तेत जाईल?

दुसरा परीक्षक ऑक्टोबरात येतो. जेक पार्कर नावाच्या अमेरिकन चित्रकारानं २००९ मध्ये इंकटोबर सुरू केलं: महिनाभर रोज शाईनं एक चित्र. कल्पना उत्तम. पण अमेरिकेत ऑक्टोबर बहुधा रिकामा जात असावा. आमच्याकडे त्यात नवरात्र, दसरा, माळ्यावरची साफसफाई, पडदे धुणं, कंदील, फराळ आणि बायकोचा ‘तुम्हाला आत्ताच चित्र सुचलं का हो?’ हा प्रश्न. पहिल्या चित्राला मजकूर मोठा, चित्र लहान. पुढे चित्र आणखी लहान होत जातं आणि एक दिवस दसऱ्याचं सोनं हातावर ठेवतानाचा फोटो पडतो, चित्राऐवजी.

तिसरा परीक्षक सगळ्यांत धोकादायक. तो घरीच येतो. सोसायटीचे सेक्रेटरीकाका. ‘तुम्ही कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करता म्हणे! छान, छान. पाच मिनिटांचं काम होतं.’ त्या दिवसापासून आमच्या कलावंताच्या प्रतिभेला खरा बहर येतो. पाण्याची टाकी साफ करायची आहे, पाणी जपून वापरावे: निळ्या थेंबासह. हळदीकुंकू, बी विंगच्या गच्चीवर: पैठणीच्या काठासह. लिफ्टमध्ये कुत्र्यांना आणू नये: कुत्र्यासह. कुत्र्यावर सी विंगमधून हरकत येते, कारण तो त्यांच्या कुत्र्यासारखा दिसतो. हीच त्याच्या कारकिर्दीतली पहिली ओळख पटलेली व्यक्तिरेखा. मग गणपती मंडळाचा बॅनर. त्यात बाप्पा मध्यभागी हवा, पण नगरसेवकापेक्षा लहान. इच्छुकांचे चेहरे कापून लावायचे, कापलेल्या कडा घासून गुळगुळीत करायच्या. इथे लेअर शेवटी कामाला येतात: वरचा थर अध्यक्ष, त्याखाली कार्याध्यक्ष, सगळ्यांत खाली गजानन. बॅनर रातोरात छापून येतो, चौकात लागतो, शंभर जण थांबून बघतात. ते स्वतःचा फोटो शोधत असतात.

घरची माणसं प्रेमळ असतात, पण तीही पेपर तपासायलाच बसलेली. ‘याचं पुढे काय?’ हा आईचा प्रश्न. ‘विकली जातात का ही?’ हा सासऱ्यांचा. ‘माझंही एक काढ ना, पण जरा बारीक’ हा वहिनींचा. पहाटे उठून नॅशनल पार्कात चालायला जाणाऱ्याला कुणी विचारत नाही की चालून कुठे पोचलास. गाणं शिकणाऱ्या मावशींना कुणी अल्बमची तारीख विचारत नाही. चित्र काढणाऱ्याला मात्र दरपत्रक विचारतात.

आणि मग २०२५चा मार्च आला. चॅटजीपीटीवर फोटो टाकला की जपानच्या स्टुडिओ घिब्लीच्या शैलीतलं चित्र बाहेर पडू लागलं, आणि दोन-तीन दिवसांत अख्खी बिल्डिंग मोठ्या डोळ्यांची आणि गुलाबी गालांची झाली. सेक्रेटरीकाका घिब्ली, त्यांचा कुत्रा घिब्ली, वॉचमनची खुर्ची घिब्ली. ज्या शैलीत चित्रपट करायला माणसं वर्षानुवर्षं हातानं चौकटी रंगवत बसतात, ती शैली भाजीच्या रांगेत उभ्या उभ्या निघू लागली. आमचा कलावंत त्याच आठवड्यात आजोबांचं पोर्ट्रेट पुरं करत आणत होता. त्यानं ते ग्रुपवर टाकलं. उत्तर आलं, ‘मस्त! कुठलं अॅप?’

यावर पुष्कळांनी हळहळ व्यक्त केली, कला संपली म्हणून. आम्हाला तर यात फायदा दिसतो. आजवर आपला समज होता की सुबक चित्राला मार्क असतात. आता सुबक चित्र वॉचमनच्या खुर्चीलाही मिळतं, तेव्हा सुबकपणाची बाजारात काही पत राहिलेली नाही. लाइकसाठी चित्र काढणाऱ्याचा रोजगार यंत्रानं हिसकावलाय. उरलं ते फक्त काढायला आवडतं म्हणून काढणाऱ्याचं काम, आणि त्या जागेसाठी अर्ज करणारं यंत्र अजून निघालेलं नाही. आजोबांच्या कानाची पाळी इतकी लांब होती हे कलावंताला ते पोर्ट्रेट करतानाच पहिल्यांदा दिसलं. फोटोत ती कायमच होती. पण फोटोकडे इतका वेळ त्यानं कधी बघितलं नव्हतं. अॅपलाही ती दिसली असणार. त्यानं ती नीट करून टाकली असती.

पण हे असं निरपेक्ष वगैरे आमच्या माणसांना झेपायचं नाही, याची आम्हाला जाणीव आहे. वर्षानुवर्षांची सवय व्हिडिओ बघून जात नाही. परीक्षक नसेल तर आम्ही हलत नाही, तर मग परीक्षकच परत बोलवावा. आमची सूचना आहे: चाळिशीवरच्यांसाठी प्रौढ एलिमेंटरी सुरू करा. केंद्रं अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर. वस्तुचित्राला टेबलावर मोबाइलचा चार्जर, चष्म्याचं घर, बीपीच्या गोळ्यांची अर्धी पट्टी आणि मागे इस्त्री न केलेला टॉवेल. स्मरणचित्राला ‘सोसायटीची वार्षिक सभा’. ज्यांना गर्दी जमत नाही त्यांना पर्याय, ‘कोरमअभावी तहकूब झालेली वार्षिक सभा’. अक्षरलेखनाला थकबाकीदारांची यादी. आयपॅडवाल्यांना वेगळी बैठकव्यवस्था, प्लगजवळ. टिचकी मारून पुसताना पकडलं तर गैरप्रकार.

बघा कसा उत्साह येतो ते. महिन्याभरात ‘हमखास ए ग्रेड’वाले क्लास निघतील. रविवारी सकाळी केंद्राबाहेर मुलं आईवडिलांना सोडायला येतील, ‘बाबा, खोडरबर घेतलं का?’ म्हणून विचारतील. सेक्रेटरीकाका स्वतः फॉर्म भरतील आणि मग कळेल त्यांना, कुत्रा काढायला पाच मिनिटं लागतात की किती. घरोघर रात्री जेवणानंतर घागर पुन्हा टेबलावर येईल. कुणीही म्हणणार नाही, मोटिव्हेशन नाही म्हणून.

अट एकच. निकाल लावायचा नाही. लावला की संपलं. प्रमाणपत्र पुन्हा प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये आणि हात पुन्हा खिशात. ‘पुढच्या महिन्यात जाहीर होईल’ एवढं सांगत राहायचं, म्हणजे आणखी एक संधी मिळाली तर हात असावा तयार म्हणून लोक काढत राहतील, सुधारत राहतील, आणि एखाद्या वर्षी विसरूनही जातील की आपण कसल्या निकालाची वाट बघत होतो. निकाल लांबवायचा अनुभव या राज्यात पुष्कळ खात्यांच्या गाठीशी आहे. माणसं हवी तेवढी उसनी मिळतील.